मांजरं टोचणारे भोयरजी

लटारूजी भोयर गल्लीत शिरले की मांजरं दिसेनाशी व्हायची. यात तिखटमीठ काही नाही. ओट्यावर उन्हात पसरलेली, चुलीशी डोळे मिटून बसलेली, कुणाच्या पदरात घुरघुरणारी, सगळी बघता बघता कवेलूंच्या छपरांवर चढत आणि वरून माना काढून खाली पाहत बसत. घरातल्या बाईला मग बाहेर न येताच कळे. "या जी भोयरजी," आतूनच हाक येई, "तुमचे पावने गेले वर पळून."

भोयरजी हसत. मान वर करून त्या रांगेकडे बघत, एकेकीची तब्येत लांबूनच तपासत आणि पुढच्या घराकडे वळत. मांजरांवर इतका जीव असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मांजरांनी इतका टाळलेला माणूसही पाहिला नाही.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी माझी पहिली नेमणूक वर्धा जिल्ह्यात, आंजीच्या गुरांच्या दवाखान्यात झाली. मी सातारकडचा, नुकताच डॉक्टर झालेला, डोक्यात विलायती गाई आणि मोठमोठ्या शस्त्रक्रिया. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, बैल अडकवायचा खोडा, अंगणात एक कडुलिंब आणि भोयरजी. त्यांच्या पदाचं सरकारी नाव व्रणोपचारक. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, बैलाची शिंगं धरायची. वय पन्नाशीच्या पुढं, ताडमाड उंच, पण जगातले सगळे दरवाजे आपल्यापेक्षा बुटके आहेत हे कायमचं मान्य केलेल्या माणसासारखे किंचित वाकलेले. अंगावर सरकारी खाकी. लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात, यांच्या खिशात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला साबणाचा तुकडा.

त्या साबणाचं मला फार हसू यायचं. रस्त्यानं जाताना एखादं पोर दिसलं की भोयरजी त्याला थांबवत. "हात दाखव पाहू." हातावर कुत्र्याचा दात, मांजराचा ओरखडा, काहीही दिसलं की पोराला हातपंपावर नेत, कुणाला तरी दांडा मारायला लावत आणि धारेखाली साबण लावून ती जखम धूत बसत. ओठ हलत असत. आकडे मोजत. मी एकदा शेजारी उभा राहून ऐकलं तर गाडी चारशेच्या पुढं गेलेली. पोर रडतंय, दांडा मारणारा कंटाळलाय, आणि यांचं आपलं चालूच.

"भोयरजी, जखम धुताय की पाप?" मी विचारलं.

"आकडे पुरे होऊ द्या, साहेब," ते म्हणाले.

तेव्हा ही कोटी मला स्वतःलाच फार आवडली होती. दोन दिवस मी ती ज्याला त्याला सांगत होतो.

दवाखान्यात पिसाळरोगाची लस यायची ती कुत्र्यांसाठी. वर्ध्याहून थर्मासात बर्फ घालून आणावी लागे. ते काम भोयरजींचं. एस.टी.त उभं राहावं लागलं तरी थर्मास ते खिडकीजवळच्या कुणाच्या तरी मांडीवर द्यायचे आणि आंजी येईपर्यंत त्या माणसाला हलू द्यायचे नाहीत. पाळलेली कुत्री टोचून झाली की उरलेली लस घेऊन त्यांची स्वारी मांजरांच्या मागं निघे. पहिल्या वर्षी मी अडवलं. म्हटलं, कागदावर कुत्री आहेत, मांजरं नाहीत. मांजराला कोण टोचतं?

"मांजरीले बी दात हायेत, साहेब."

एवढंच बोलले आणि थर्मास हातात घेऊन उभे राहिले. रागावले नाहीत, विनवणी केली नाही. नुसते उभे. अर्ध्या तासानं मीच म्हटलं, जा. पुढच्या वर्षापासून मी मागणीतच पन्नास डोस जास्तीचे लिहू लागलो.

मांजर पकडणं म्हणजे काय, हे ज्यानं पकडलंय त्यालाच ठाऊक. शिकताना आम्हाला टॉवेल सांगितला होता. टॉवेलातून मांजराचे तीन पाय बाहेर येतात आणि चौथा तुमच्या मनगटात असतो. भोयरजींची स्वतःची युक्ती होती. जुन्या खाकी पॅन्टचा एक पाय कापून घेतलेला. मांजराला अंधाऱ्या, अरुंद जागेची ओढ असते. तोंड त्या पायात घातलं की ते आपण होऊन आत सरकतं, नखं आतल्या आत कापडात अडकतात आणि मागचा भाग बाहेर राहतो. मांडीत सुई, झालं. मांजर बाहेर येऊन अंग झाडेपर्यंत भोयरजींनी त्याच्या कानाच्या आत जांभळ्या औषधाचा ठिपकाही लावलेला असे. तो रंग आठ-दहा दिवस टिकायचा. तेवढ्यात सगळं गाव फिरून व्हायचं आणि एकीला दोनदा टोचलं जायचं नाही. त्या दिवसांत आंजीत जिकडेतिकडे जांभळ्या कानांची मांजरं हिंडत. बायका विचारत, "भोयरजी, आज पॅन्ट आनली का?" आणि मग तोंडाला पदर लावून हसत. भोयरजींना यात काही गैर वाटायचं नाही. गालातल्या गालात तेही हसायचे.

नोंदवहीत एक रकाना होता, मालकाचे नाव. कुत्र्याला मालक असतो. मांजराचं तसं नाही. ज्या घरी जावं तिथली बाई म्हणे, "माही कायची जी, येते अन् दूध पिऊन जाते." भोयरजींनी पहिल्या फेरीत त्या रकान्यात सगळीकडे 'स्वतः' असं लिहून टाकलं. मी न वाचताच सही केली. महिन्यानं वरून विचारणा आली, की स्वतः हे कोण आणि त्यांच्याकडे एवढी मांजरं कशासाठी आहेत. मी कपाळाला हात लावला.

"मग काय लिहायचं, भोयरजी? कुणाचं तरी नाव पाहिजे."

त्यांनी वहीतला तो रकाना बोटानं चाचपला. मग म्हणाले, "माहं लिवा. कोनी नाई म्हनत त माहं लिवा."

तेव्हापासून सरकारी कागदावर आंजीतल्या एकूण एक मांजरांचे मालक लटारूजी भोयर झाले. प्रत्यक्षात एकही त्यांच्या हाताला अंग लावत नव्हती. त्या हाताला स्पिरिटचा आणि फिनेलचा वास होता, सुईची आठवण होती. तो वास जावा म्हणून ते माती चोळत, लिंबू चोळत, एकदा सुकी मासळी चोळून आले आणि दिवसभर दवाखान्यात बैलसुद्धा नाक फेंदारून उभे राहिले.

भाजी पिकवणाऱ्या माळ्यांच्या गल्लीत भोयरजींच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. एकटेच राहत. घरात एक खाट, एक चूल, एक पत्र्याची पेटी. शेजारी गिरजाबाई, वांगी-पालक घेऊन बाजार करणारी, तोंडाची फटकळ आणि मनानं मोकळी. गल्लीत भोयरजींशी सगळ्यात जास्त बोलणारी तीच, आणि तीही बहुतेक वेळा कुंपणाच्या पलीकडून.

रविवारी सकाळी मला भोयरजी हटकून एस.टी.च्या थांब्यावर दिसत. धुतलेला सदरा, हात मांडीवर, बाकाच्या टोकाला. वर्ध्याची गाडी येई, माणसं उतरत, चढत, गाडी जाई. भोयरजी तिथंच. पहिले काही रविवार मला वाटलं, कुणी नातेवाईक यायचे असतील. कुणी विचारलं, "कोन येऊन राह्यलं, भोयरजी?" तर ते म्हणत, "येतीन, येतीन." वर्ष झालं तरी कुणी आलेलं मी पाहिलं नाही. शेवटी न राहवून मी बाकावर त्यांच्याशेजारी जाऊन बसलो आणि विचारलं.

ते जरा ओशाळले. म्हणाले, "घरी बशीत दूध ठेवलं हाये, साहेब. मी असलो त येत नाईत. बाकीचे दिवस मी दवाखान्यात राहतो, त पिऊन जातात. रविवारी मी घरीच. मंग त्यायचे हाल होतात."

"म्हणून तुम्ही इथं येऊन बसता?"

"दोन-तीन गाड्या जाऊ देतो. घरी जातो त बशी साफ राह्यते." मग माझ्याकडे वळून, माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "येतात त खरं, साहेब. मी नसतो तवा येतात."

त्या दिवसापासून रविवारी मी थांब्याकडून जाताना त्यांना हाक मारली नाही. आता वाटतं, मारायला हवी होती. दोन गाड्यांपुरतं तरी शेजारी बसायला हवं होतं. मी तरुण होतो, आणि दुसऱ्याच्या एकटेपणाजवळ बसायची मला भीती वाटायची.

पिल्लांचं काम त्यांच्या विशेष आवडीचं. पिल्लू तीन महिन्यांचं झाल्याशिवाय टोचायचं नाही, असा आमचा नियम. म्हणजे कुठली मांजर कधी व्याली हे ठाऊक पाहिजे. त्यात मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं सगळेच मानतात, आणि सात नसली तरी तीन-चार घरं ती नक्की बदलते. आज गिरजाबाईच्या सांदीत, परवा कुणाच्या कडब्यात, आठवड्यानं शाळेच्या माळ्यावर. भोयरजी माग ठेवून असत. दारात उभं राहून विचारत, "पिल्लं इथंच हायेत, का गेली?" बाई आत बोलावी, चहा टाके, पिल्लांच्या खोड्या सांगे. एरवी कामाशिवाय कुणाच्या उंबऱ्याशी न जाणारा हा माणूस पिल्लांच्या निमित्तानं घटकाभर माणसांत बसे. पिल्लू टोचून झालं की वर्षभर त्या घरात जायला कारण उरत नसे. मी एकदा बघितलं, शेवटच्या पिल्लाच्या कानाला ठिपका लावल्यावर ते उगाच सुई परत परत पुसत बसले होते. चहा संपलेला होता, बाई भाकरीला लागली होती, आणि यांना उठवत नव्हतं.

सगळ्या गावात एकच मांजर त्यांना सापडली नव्हती. शेपटी अर्धी तुटलेली, राखाडी पट्ट्यांची. लोक तिला लांडी म्हणत. ती गिरजाबाईच्या वाडीतून दोन वर्षांपूर्वी गावात आलेली. दोन्ही वर्षी पॅन्टचा पाय घेऊन भोयरजी तिच्या मागं हिंडले आणि दोन्ही वर्षी ती हुलकावणी देऊन निसटली. नोंदवहीत तिच्या नावापुढची जागा कोरी होती. "लांडी राह्यली," ते दर फेरीच्या शेवटी म्हणत, आणि ते ऐकून वाटे की बाकीची सगळी टोचली त्याला काही अर्थच नाही.

मग ते सेवानिवृत्त झाले. आम्ही शाल दिली, नारळ दिला, चावीचं एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणात मी त्यांच्या चिकाटीबद्दल बरंच बोललो. ते हात जोडून उभे होते. शेवटी एवढंच म्हणाले, "लांडी राह्यली, साहेब." सगळे हसले.

त्यानंतर चारेक महिन्यांनी, थंडी सरत आलेली, एका सकाळी भोयरजी दवाखान्याच्या दारात. चेहरा असा, की मला वाटलं यांना ताप आहे.

"साहेब, माह्या घरी आली."

"कोण?"

"लांडी. पिल्लं घेऊन. चार हायेत."

काम टाकून मी त्यांच्याबरोबर गेलो. घराशी आल्यावर त्यांनी चपला बाहेर काढल्या, माझ्याकडूनही काढवल्या. आत अंधार. पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडं, आणि पेटीत भोयरजींच्या जुन्या खाकी पॅन्टींवर लांडी पसरलेली, पोटाशी चार पिल्लं, डोळे नुकते उघडलेले. तिनं माझ्याकडे बघून कान मागं टाकले. भोयरजींकडे बघून काहीच केलं नाही. ते पुढं गेले, बोट पुढं केलं, आणि तिनं त्या बोटाला गाल घासला. भोयरजींनी माझ्याकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत त्या माणसाच्या डोळ्यांत मी तसा आनंद कधी पाहिला नव्हता, आणि मला फार बरं वाटलं. हाताचा वास गेला होता. आणि ही एकटीच अशी, जिला त्या हातानं कधी टोचलं नव्हतं.

भिंतीवरचं आमचं घड्याळ बंद होतं. "टिकटिक करते," ते कुजबुजले. "पिल्लं दचकतात."

पुढचे पंधरा दिवस भोयरजी बदलून गेले. रविवारी थांब्यावर दिसेनात. गिरजाबाई मला रस्त्यात गाठून म्हणाली, "आमचे भोयरजी आता घरी बोलतात जी कोनासंग. मी आयकलं. 'जेवलीस का, बाई' म्हनत होते."

आणि मग एका दुपारी नाल्याच्या बाजूनं पिसाळलेलं कुत्रं गावात शिरलं. दोन वासरांना चावलं, माळ्यांच्या गल्लीत तीन-चार कुत्र्यांशी भांडलं आणि शाळेपाशी लोकांनी ते मारलं. गाव हादरलं. मी वर्ध्याहून लस मागवली, कुत्र्यांना टोचणं लगेच सुरू केलं. भोयरजींच्या जागी नवा माणूस आलेला. त्यानं पहिल्याच मांजराकडून मनगट फाडून घेतलं आणि हात जोडले.

तिसऱ्या दिवशी भोयरजी आले. "साहेब, एक डोस द्या."

मला कळलं कुणासाठी ते. मी म्हटलं, "भोयरजी, तिला जखम आहे का कुठं?"

"नाई. पाह्यली मी."

"मग थांबा की. ती घरातच तर आहे. पिल्लं जरा मोठी होऊ देत, तुम्हाला चिकटू देत. दोन महिन्यांनी सगळ्यांना एकदम टोचू. आत्ता टोचलीत तर ती पिल्लं उचलून जाईल, तुम्हाला माहीत नाही का?"

"मालूम हाये."

"मग?"

"चावलेली कुत्री महिन्यानं पिसाळतीन, साहेब. तवर तिचं अंग तयार पायजे. मांजर थोडी दार लावून राह्यते घरात."

"मग मी टोचतो," मी म्हटलं. "तुम्ही बाहेर जाऊन बसा. राग माझ्यावर राहील."

ते हसले. "घर त माहंच राहीन ना, साहेब. घरालेच सोडन ते."

मी जरा चिडलोच. म्हटलं, एका मांजरानं काय होणार आहे? एवढं गाव टोचलंत. एक राहिली तर राहिली.

भोयरजी खुर्चीवर बसले. माझ्यासमोर ते कधी बसत नसत. खिशातला साबण काढला, कागदाची घडी नीट केली, परत ठेवला.

"घरचीले मांजरीनं चावलं होतं," ते म्हणाले. "तिकडे आष्टीच्या बाजूले होतो तवा. लग्नाले चार वर्षं झालती. दुधापाशी कोनाची तरी मांजर आली, हाकलाले गेली, त आंगठा धरला. मी कामावरून आलो त मले दाखवलं. म्हने, सुई घ्या लागन का जी? मी दवाखान्यातला मानूस, साहेब. कुत्रं चावलं त लोकायले मीच धाडतो सुया घ्याले. अन् तिले म्हनलं, काई नाई होत. मांजरच तर हाय. हळद लावून देल्ली."

बाहेर कुणाचा तरी बैल हंबरला. मग भोयरजी एकच वाक्य बोलले.

"दीड महिन्यानं पानी पाहून भ्याले लागली."

मला माझी ती कोटी आठवली. जखम धुताय की पाप. मी ती ज्याला त्याला सांगितली होती. मी उठलो, थर्मासातून लस काढली, सुई उकळून घेतली आणि त्यांच्याबरोबर गेलो.

लांडी पेटीतच होती. भोयरजींनी तिच्याखालची एक पॅन्ट हळूच ओढली, पॅन्टच्या पायाचं तोंड उघडून समोर धरलं. इतर मांजरांना आत ढकलावं लागे. ही स्वतःहून गेली. तिचंच अंथरूण होतं ते, तिच्याच पिल्लांचा वास असलेलं, आणि धरणारा हात ओळखीचा. भोयरजींनी मांडीत सुई घातली. आतून एकदाच आवाज आला. कानाला ठिपका लावताना जांभळं औषध तिच्या कपाळावर ओघळलं.

बाहेर येऊन ती कोपऱ्यात गेली. तिथून त्यांच्याकडे बघत राहिली. ओरडली नाही, फिस्कारली नाही. तासाभरानं उठली, पेटीत उडी मारली, पहिलं पिल्लू मानेला धरलं आणि दाराकडे आली. दार अर्धं लोटलेलं होतं. भोयरजी उठले आणि त्यांनी दोन्ही फळ्या सताड उघडल्या. वाटेतली खाट बाजूला ओढली. ती गेली, पुन्हा आली. चार खेपा. शेवटचं पिल्लू एकटं राहिल्यावर केविलवाणं ओरडत होतं, तेव्हा भोयरजी हात पाठीमागं बांधून उभे होते. त्याला हात लावला असता तर त्यालाही वास लागला असता.

मी नोंदवही आणली होती. मालकाचं नाव विचारलं, आणि उत्तर माहीत असल्यासारखा त्यांचं नाव लिहू लागलो. त्यांनी थांबवलं.

"हिचं 'स्वतः'च लिवा, साहेब."

मी तसं लिहिलं. निघताना मागं वळून बघितलं, तर ते खाटेवर उभे राहून घड्याळाला चावी देत होते.

लांडी कुठं लांब गेली नव्हती. कुंपणापलीकडे गिरजाबाईच्या भाजीच्या टोपल्यांत तिनं पिल्लं ठेवली. भोयरजी तिकडे पाऊल टाकत नसत. ती पुन्हा जागा बदलेल ही भीती. सकाळी कुंपणाशी उभे राहत. गिरजाबाई आतून सांगे, "चारी हायेत, भोयरजी." पिल्लं तीन महिन्यांची झाली तेव्हा टोचायला मात्र तेच गेले, आणि त्या दिवशी तिनं त्यांना जेवूनच पाठवलं. त्या उन्हाळ्यात गल्लीतली दोन कुत्री पिसाळली. मांजर एकही नाही.

जूनमध्ये माझी बदली झाली. सामान आधी गेलं होतं. मी रविवारी सकाळच्या गाडीनं निघालो. थांब्यावर बाकाच्या टोकाला भोयरजी बसलेले. मला पोचवायला आलेत असं वाटून मी भारावलो. ते उठून उभे राहिले, आणि मग माझ्या लक्षात आलं की आज रविवार आहे.

गिरजाबाई पालकाची टोपली घेऊन त्याच गाडीला आली होती, बरोबर तिची सहा वर्षांची नात शालू. भोयरजींची नजर सवयीनं तिच्या हातावर गेली. मनगटाजवळ दोन लाल रेघा आणि दाताची एक खूण.

"काऊन व? कोनं केलं हे?"

"लांडीनं," शालू म्हणाली. "पिल्लू उचललं म्हनून."

भोयरजी तिला घेऊन हातपंपावर गेले. मी दांडा मारला. कागद उलगडून त्यांनी साबण काढला आणि धुवायला लागले. ओठ हलत होते. गाडी आली, माणसं चढली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मी दांडा सोडला नाही. गिरजाबाईचा फटकळपणा कुठं गेला होता कोण जाणे. टोपली डोक्यावर तशीच ठेवून ती हळूच म्हणाली, "भोयरजी, वर्ध्याले जाऊनच राह्यलो आमी. सुई घ्या लागन का जी तिले?"

त्यांचा हात थांबला. धारेखाली त्या पोरीचं मनगट धरून ते तसेच वाकून राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"लांडीच होती ना?" त्यांनी विचारलं. "पक्कं?"

"लांडीच," शालू म्हणाली. "तुमी टोचलेली."

भोयरजींनी आकडे पुरे केले. धोतराच्या सोग्यानं तिचा हात टिपला. मग सरळ उभे राहिले, गिरजाबाईकडे पाहिलं आणि म्हणाले, "काई नाई होत. मांजरच तर हाय."

थांबून राहिलेल्या गाडीत मला खिडकी मिळाली. वाटलं, आता ते घरी जातील. मी बाहेर डोकावून म्हटलं, "चला भोयरजी, येतो. जा तुम्ही आता घरी."

"जातो, साहेब. थोडं बसतो." ते बाकावर टेकले, ओला साबण कागदावर शेजारी वाळत ठेवला. "बशी भरून आलो."